साठ एस्कुदो आणि धा रुपया

शनिवारी लिस्बनमधल्या फैरा दा लाद्रा या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले होते ती लिंबाच्या लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी शोधायला. शेजारी जुनी नाणी आणि नोटा घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने विचारले, कुठची? गोवा म्हटल्यावर त्याने लगबगीने फाइल उघडली आणि प्लास्टिकच्या पाकिटातली एक नोट माझ्या हातात ठेवली. "ही तुमची नोट."

साठ एस्कुदो, म्हणजे पोर्तुगीज चलन. वर बँकेचे नाव 'बांको नासियोनाल उल्त्रामारिनु' आणि 'इश्तादु दा इंदिया', म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातला भारत. तारीख २ जानेवारी १९५९. उजव्या बाजूला दाढीवाला आफोंसो द अल्बुकर्क, १५१० मध्ये गोवा जिंकून घेणारा.

म्हाताऱ्याने अगदी मायेने दाखवली होती. तरी 'तुमची' हा शब्द मला लागला. त्या वेळी एका रुपयाला सहा एस्कुदो धरले होते, म्हणजे ही आपली दहाची नोट. माझ्या आजोबांनी तिच्यावर बाजारहाट केला असेल आणि प्रत्येक वेळी त्या पाखल्याचे, म्हणजे पोर्तुगीज गोऱ्याचे, तोंड बघितले असेल. तीन वर्षे पुरती व्हायच्या आत गोवा मुक्त झाला.

मी पर्समधून आपली दहाची नोट काढली. मळलेली, चॉकलेटी, गेल्या मे महिन्यात फोंड्याला सुट्टे म्हणून मिळालेली. मागचे कोणार्कचे चाक त्याला आवडले. पण मला दाखवायची होती ती त्या बाजूची भाषांची पट्टी. पुढे हिंदी आणि इंग्रजी, मागे आणखी पंधरा भाषा. त्या इंग्रजी नावांच्या अकारविल्हे लागतात, म्हणून सहावी कोंकणी, मग मल्याळम, मग मराठी. 'धा रुपया' आणि 'दहा रुपये'. देवनागरीतल्या चार ओळींपैकी या दोन आमच्या घरातल्या.

हे गोव्यातल्या कोणाला वेगळे सांगायला नको. आई कोथिंबीर 'धा रुपयांची' मागते आणि घरी येऊन मराठी पेपर वाचते. भांडण कोंकणीतून, आरती मराठीतून. कोंकणीला गोव्याची राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्यावरून आमच्याच नात्यात दोन घरे कित्येक वर्षे एकमेकांच्या चतुर्थीला गेली नाहीत. कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, आली १९९२ मध्ये, तेव्हाही एकाने पेढे वाटले आणि दुसऱ्याने खाल्ले नाहीत. नोटेवर मात्र दोघींमध्ये फक्त मल्याळमची एक ओळ आहे. इतकी वर्षे या नोटा हाताळल्या, पण ही पट्टी अशी बोट ठेवून वाचली ती लिस्बनमध्ये. म्हाताऱ्याने भिंग काढून पंधराही ओळी मोजल्या. एका नोटेवर इतक्या लिपी त्याने पाहिल्या नव्हत्या. मला फार बरे वाटले. युरोच्या नोटांवर खिडक्या, कमानी आणि पूल आहेत, तेही कुठल्याच खऱ्या गावातले नाहीत. नेटक्या आहेत, पण हातात धरून आईची आठवण यावी असे त्यांच्यावर काही नाही.

आता कोणीतरी म्हणेल, एवढे आहे तर पोर्तुगीज पासपोर्ट कशाला घेतलास? आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, म्हणून मला तो मिळाला. तो मी कामासाठी घेतला. आमच्या घराची कौले त्या पगारातून बदलली आणि बाबांचे ऑपरेशनही त्यातूनच झाले. साडेचारशे वर्षे त्यांनी आमच्याकडून बरेच नेले. त्यातले थोडे मी पगाराच्या रूपाने परत घेते, असे मी स्वतःला सांगते आणि ते मला पटते.

ती साठ एस्कुदोची नोट मी विकत घेतली. बरणी राहिली. आजोबांच्या हातातून गेलेल्या पैशाला पाठ दाखवून यायला मन होईना.

रात्री आईला फोन करून एक कोरी दहाची नोट मागितली, दोन्ही एकाच पाकिटात ठेवायला. "धाची कोरी नोट आतां खंय मेळटा गो?" ती म्हणाली. मग आठवून म्हणाली, भटजींच्या दक्षिणेसाठी कपाटात जपलेल्या चार आहेत. त्यातली एक मावसभावाबरोबर पाठवते.