बाबा गेले आणि इथे काहीच रिकामं झालं नाही

बाबा गेल्यानंतर माझ्या इथल्या घरातली एकही वस्तू जागची हलली नाही. त्यांची खुर्ची इथे नव्हतीच, चष्मा नव्हता, काठी नव्हती. सकाळची ट्रेन ठरलेल्या वेळेला येत होती, ऑफिसातलं काम होतं तसंच होतं, आणि माझ्या रोजच्या ओळखीतल्या एकाही माणसाने बाबांना कधी पाहिलेलं नव्हतं. तिकडे आई सकाळी उठली की तिला अर्धं घर ओकंबोकं दिसायचं. मला इथे तसं काही दिसतच नव्हतं. परदेशात राहून आई किंवा वडील गमावण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मला तरी हीच वाटते. अवेळी येणारा फोन, तिकिटाची धावपळ, वेळेवर पोचणं-न पोचणं, याबद्दल सगळे बोलतात. ते संपवून आपण परत येतो, घराचं कुलूप उघडतो, त्यानंतर काय होतं याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

घर सोडून दूर आल्यावर आपल्याला एक सवय लागते. माणूस डोळ्यांसमोर नसतं, पण ते आहे, तिकडे आहे, बरं आहे, हे आपण धरून चालतो. या धरून चालण्यावरच आपली परदेशातली सगळी वर्षं उभी असतात. आता ते माणूस खरोखरच नाही, हे मनाला कुणी आणि कसं सांगायचं?

अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सिस ओ'कॉनर शोकाच्या काळात मेंदूत काय चालतं याचा अभ्यास करतात. शोकात असलेल्या माणसांच्या मेंदूची एफएमआरआय तपासणी (काम करत असलेल्या मेंदूची चित्रं घेणारी) करून त्यांनी २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्यानंतरही त्यांचं काम चालू राहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जवळच्या माणसाचा ठावठिकाणा मेंदू तीन खुणांवर धरून ठेवतो. ते कुठे आहे, केव्हा भेटेल, आणि आपल्याला किती जवळचं आहे. माणूस गेलं की पहिल्या दोन खुणा निरर्थक होतात, तिसरी मात्र तशीच राहते. म्हणून मेंदू त्या माणसाला शोधत राहतो, आणि रोजच्या अनुभवातून हळूहळू शिकतो की ते आता सापडणार नाही.

हे वाचल्यावर माझं मलाच कोडं सुटल्यासारखं झालं. आईला रोज सकाळी, रोज संध्याकाळी हा धडा मिळत होता. मला तो मिळायची सोयच नव्हती. माझ्यासाठी बाबा 'कुठे' तर कायम तिकडेच होते, आणि 'केव्हा' म्हणजे पुढच्या सुट्टीत. ते गेल्यावरही माझ्या रोजच्या दिवसात यातलं काही खोटं ठरत नव्हतं. कितीतरी दिवस मी अगदी व्यवस्थित होते. लोक म्हणायचे, तू फार खंबीर आहेस. मला आतून माहीत होतं की हा खंबीरपणा नाही. मला अजून पुरतं कळलेलंच नव्हतं.

दुसरीही एक गोष्ट होती, आणि तिचा मला जास्त त्रास झाला. बातमी कळली तेव्हा मी धाय मोकलून रडले नाही. पुढे बरेच दिवस वाटत राहिलं की माझं प्रेमच कमी पडलं की काय. या प्रश्नाचं उत्तर मला एका खूप जुन्या लेखात मिळालं. बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला १९४२ साली आग लागली आणि ४९२ माणसं दगावली. त्या दुर्घटनेतल्या मृतांच्या नातेवाइकांवर आणि इतर शोकग्रस्तांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी १९४४ साली जो लेख लिहिला, तो शोकाच्या अभ्यासात आजही पायाभूत मानला जातो. त्याच्या शेवटाकडे ते युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या घरच्यांबद्दल लिहितात. माणूस जिवंत असतं, फक्त दूर गेलेलं असतं, आणि तरी घरचे त्याच्या मृत्यूच्या शक्यतेने आधीच शोक करू लागतात. कधीकधी तो इतका पुरा होतो की सैनिक सुखरूप परत आल्यावर त्याला घरात आपली जागाच उरलेली दिसत नाही.

मी युद्धावर गेले नव्हते. पण विमानतळावर निरोप घेताना बाबांकडे मी दर वेळी जरा जास्त वेळ बघायचे, आणि का बघतेय हे मला पक्कं माहीत असायचं. रात्री फोन वाजला की नाव बघायच्या आधी छातीत धस्स व्हायचं. व्हिडिओ कॉलवर ते थकलेले दिसले की कॉल संपल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून राहायचे. दूर राहणाऱ्यांचं दुःख कर्जासारखं हप्त्याहप्त्याने फिटत असतं, आई-वडील हयात असतानाच. शेवटचा हप्ता कोरड्या डोळ्यांनी भरला म्हणून आधीचे भरलेच नव्हते असं होत नाही. हे ज्याला ज्याला छळत असेल त्याने स्वतःला एवढं तरी सांगावं.

'तू येईपर्यंत थांबायचं का?' असं दादाने फोनवर विचारलं. हा प्रश्न प्रत्येक परदेशस्थ मुलाच्या वाट्याला येऊ शकतो, आणि विचार करायला मिळतात जेमतेम काही मिनिटं. मी थांबू नका म्हटलं. आईला त्या अवस्थेत ताटकळत ठेवणं मला नको होतं, आणि बाबांनाही ते नको असतं याची मला खात्री होती. माझ्याजागी दुसऱ्या कुणी थांबायला सांगितलं असतं तर तेही तितकंच योग्य. पण सगळे धडधाकट असताना हा विषय एकदा घरात बोलून ठेवावा असं मला कळकळीने वाटतं. अभद्र बोलू नको म्हणतील. तरी बोला. आई-वडिलांना काय हवं आहे हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं असलं, तर त्या काही मिनिटांत निर्णयाचं सगळं ओझं आपल्या एकट्याच्या डोक्यावर येत नाही.

अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. आवाज तुटत होता, मधेच चित्र थांबत होतं. माझ्या शेजारी राहणाऱ्या बाईंना मी विनंती केली होती की तेवढा वेळ माझ्यासोबत बसा. त्यांना आपल्या भाषेतलं अक्षरही कळत नाही. त्या शेवटपर्यंत माझा हात धरून बसल्या, आणि सगळं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, 'कसे होते तुझे वडील?' मी बोलायला लागले ते बराच वेळ थांबलेच नाही. या देशात बाबांबद्दल मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

यानंतर मी जाऊन आले. त्याबद्दल मी इथे फार लिहीत नाही, कारण तो भाग प्रत्येक घराचा आपापला असतो. रजेबद्दल मात्र लिहिते. ऑस्ट्रेलियात अशा प्रसंगी कायद्याने दोन दिवसांची रजा मिळते, न्यूझीलंडमध्ये तीन दिवसांची. अमेरिकेत खासगी नोकरदारांना अशी रजा देणारा देशव्यापी कायदाच नाही, कंपनीच्या नियमांवर आणि राज्यावर सगळं अवलंबून. आई-वडील गाडीने जाण्याच्या अंतरावर राहतात, असं गृहीत धरून हे दिवस ठरवले असावेत असं वाटतं. दोन-तीन दिवस तर आपले प्रवासातच जातात. म्हणून नियम काय आहे हे आधीच पाहून ठेवावं, आणि साहेबांना स्पष्ट शब्दांत सांगावं की हा प्रवास केवढा आहे. बऱ्याच जणांना ते सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

आई-वडिलांची सत्तरी उलटली की कागदपत्रांकडेही जास्त लक्ष ठेवावं. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर वाट बघू नये. व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पडलं, तर काही ठिकाणी तो अर्जच सोडून दिला असं धरतात. अमेरिकेत ग्रीन कार्डच्या अर्जदारांपैकी अनेकांना आधी प्रवासाची परवानगी काढावी लागते. तिकडची बँकेची आणि मालमत्तेची कामं दादाने करावीत म्हणून मुखत्यारपत्र लागतं, आणि त्यावर वकिलातीचा शिक्का किंवा अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती एकदमच जास्त काढून घ्याव्यात, एकेका प्रतीसाठी दुःखातल्या माणसाला पुन्हा पुन्हा खिडकीशी उभं राहायला लागू नये.

परत आल्यावरचे पहिले काही दिवस लोक हळहळले, ऑफिसातल्यांनी सह्या करून एक कार्ड दिलं. मग कामं सुरू झाली. शोकाच्या पाच टप्प्यांचं (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) ते प्रसिद्ध चित्र मला दोघा-तिघांनी पाठवलं. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी ते टप्पे १९६९ साली मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख त्या क्रमाने जाईलच असं नाही, त्यामुळे आपण कितव्या पायरीवर आहोत हे शोधत बसण्यात अर्थ नाही. मला जास्त पटलं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ साली मांडलेलं. त्यांच्या मते शोकातलं माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतं. एका बाजूला गेलेल्याची आठवण, ओढ, रडणं. दुसऱ्या बाजूला बदललेल्या आयुष्याची घडी बसवणं, कामं, नव्या जबाबदाऱ्या, कधी नुसती विश्रांती. दोन्ही लागतात, आणि ही ये-जा चालू राहणं महत्त्वाचं.

आपली अडचण अशी की दुसऱ्या बाजूचं सगळं इथे आहे आणि पहिल्या बाजूचं सगळं तिकडे. इथे कुणी सहज भेटायला येऊन बाबांची आठवण सांगत नाही. त्यांची सही असलेला कागद कपाटातून अचानक हाती येत नाही. रस्त्यात त्यांचा जुना मित्र भेटत नाही. घरी असलेल्यांना या गोष्टी नकोशा वाटत असतील, पण त्यांनीच माणूस त्या पहिल्या बाजूला जाऊन येतं. परदेशात ते आपोआप होत नाही. मुद्दाम करावं लागतं.

माझी रिकामी जागा मला उशिरा सापडली. रविवारी सकाळी बाबांचा फोन यायचा. त्यांना विशेष काही सांगायचं नसायचं. तिकडचं हवामान, पेपरातली एखादी बातमी, माझ्या इथल्या हवामानाची चौकशी, आणि 'बरं, ठेवतो'. एका रविवारी मी फोन हातात घेऊन बसलेय हे माझ्या लक्षात आलं, आणि त्या सकाळी मी पहिल्यांदा मनसोक्त रडले. तेव्हापासून तो वेळ मी दुसऱ्या कशाला दिलेला नाही. कधी त्यांच्याबद्दल लिहिते, कधी जुने फोटो बघते, कधी शेजारच्या बाईंना त्यांची एखादी गोष्ट सांगते. आता त्यांना बाबांबद्दल इतकं माहीत आहे की मधेच त्याच विचारतात, 'हे तुझ्या वडिलांना आवडलं असतं का?' माझ्या इथल्या जगात बाबांना ओळखणारं एक माणूस तयार झालं आहे. हे किती मोठं आहे, ते ज्याने असं गमावलंय त्याला कळेल.

अंत्यविधीनंतरची पुढची भेट मला आधीच्या भेटीपेक्षा जड गेली. पहिल्या वेळी घर माणसांनी भरलेलं असतं. दुसऱ्या वेळी आपण विमानतळाबाहेर येतो, कठड्यापाशी नजर जाते आणि तिथे ते नसतात. जमत असेल तर वर्षाच्या आत ही भेट घ्यावी, आणि ती बँका-कचेऱ्यांच्या कामांनी भरून टाकू नये. ओ'कॉनर म्हणतात तो धडा मला तिथे मिळाला, बाबांच्या खोलीत, एका दुपारी.

आणि खूप काळ लोटूनही रोजची ओढ तितकीच तीव्र असेल, कामात आणि माणसांत लक्षच लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेला शोक हा आजार म्हणून नोंदला आहे, त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरतात. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०२२ साली तो आपल्या यादीत घेताना प्रौढांसाठी एक वर्ष धरलं. त्यावर खास या दुःखासाठी बेतलेले समुपदेशनाचे उपचार आहेत. शक्य तर आपल्या भाषेतला समुपदेशक शोधावा, आता ऑनलाइन ते जमतं.

आता तुमच्याशी, तिकडे घरी असलेल्यांशी. दादाने बाबांसाठी रात्री जागवल्या, डॉक्टरांशी बोलला, आईला सांभाळलं. त्याच्या वाट्याला थकवा आला, माझ्या वाट्याला पोकळी. त्याला वाटायचं ही सुटली, मला वाटायचं याला शेवटपर्यंत बाबा मिळाले. आम्ही हे एकमेकांना बोलून दाखवलं आणि दोघांचंही मन हलकं झालं. तुमच्या घरातही असं काही साचलेलं असेल तर ते बोलाच.

माझ्या दोन विनंत्या आहेत. आजारपण लपवू नका. 'तुला उगाच तिकडे काळजी नको' यामागची माया आम्हाला कळते, पण त्यामुळे निघायचं की नाही हे ठरवायची संधीच आमच्या हातून जाते. आणि दुसरी, तो शेवटचा दिवस आम्हाला नीट सांगा. दादाने एकदा तासभर फोनवर मला तो सकाळपासून सांगितला. बाबा किती वाजता उठले, खिडकी उघडायला कुणी सांगितलं, पेपर कुठल्या पानावर उघडा होता, आईला ते शेवटचं काय म्हणाले, जवळ कोण होतं. एवढ्यातेवढ्या गोष्टी, पण माझ्याकडे त्या जागी काहीच नव्हतं. तुमचा भाऊ किंवा बहीण परदेशात असेल, तर असा एक फोन करा, मधे वर्षं गेली असतील तरी करा. ते स्वतःहून विचारणार नाहीत, तुमच्या दुखऱ्या जागेला हात लागेल म्हणून.