भिंत मालकाची, उजेड आपला

रविवार

जुनं भाड्याचं घर ताब्यात आलं की पहिला मोह रंगाचा होतो. तो निदान आठवडाभर आवरावा. पहिल्या दिवशी कामं दोनच: रिकामं घर दिवसाच्या उजेडात नीट बघणं आणि फोटो काढणं. प्रत्येक भिंत, प्रत्येक जुनं भोक, फरशीतला प्रत्येक तडा, नळाखालचा प्रत्येक डाग. फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवावेत. घर सोडताना अनामत रकमेवरून होणारे बरेचसे वाद आधीपासूनच असलेल्या डागांचे असतात.

मग वहीत तीन रकाने. न विचारता चालेल ते, विचारून करायचं ते, आणि हात लावायचाच नाही ते. तिसऱ्यात वायरिंग, पाण्याच्या लाइनी आणि मूळ लाकडी दारं-चौकटींचा रंग. जुन्या चौकटीला तैलरंग फासून 'फ्रेश' करणं ही भाडेकरूच्या हातून होणारी सगळ्यात महागडी चूक. तो रंग पुन्हा काढायला लागणारी मजुरी रंगाच्या डब्याच्या कित्येक पट असते.

आणखी एक हिशेब आजच करून टाकावा, जुन्या-नव्याचा मेळ कसा घालायचा त्याचा. उंच छत, जाड भिंतीतल्या खोल खिडक्या, कोनाडे, मोझॅकची फरशी, लोखंडी गज. जुन्या घरात पारंपरिक बाजू घरानेच भरून ठेवलेली असते. त्यात आणखी 'अँटिक दिसणाऱ्या' वस्तू ओतल्या की खोली दुकानासारखी दिसायला लागते. आपण आणायचं ते बहुतेक साधं, सरळ रेषांचं, आणि शक्यतो घर बदलताना सोबत नेता येईल असं.

सोमवार

आज भिंती. तळहात कोरड्या भिंतीवरून दाबून फिरवायचा. पांढरं पीठ हाताला लागलं तर वरचा थर चुन्याचा किंवा स्वस्त डिस्टेंपरचा आहे. अशा भिंतीवर चिकटवायचे हुक, पट्ट्या, स्टिकर वॉलपेपर काहीही टिकत नाही. गोंद त्याचं काम चोख करतो, पण तो चिकटलेला असतो पिठाला, आणि पीठ भिंतीला धरून नसतं. म्हणून हुक पडतो तेव्हा त्याच्या पाठीला रंगाचा पापुद्रा आलेला दिसतो.

ओल बघायची सोपी रीत: साधारण 45 सेंटिमीटरचा ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोन, चारही कडा टेपने हवाबंद, दोन दिवस तसाच. भिंत भुसभुशीत असेल तर टेपच्या जागी थोडा रंग निघेल, म्हणून कपाटामागे जाणारा कोपरा निवडावा.

भिंतीच्या पायाशी पांढरे, पिसासारखे क्षार फुललेले असले तर तो लोणा. तो ओल्या फडक्याने पुसायचा नाही. पाण्यात क्षार विरघळतात, परत गिलाव्यात मुरतात आणि सुकले की पुन्हा फुलतात. कोरड्या ब्रशने झाडून केराच्या सुपलीत गोळा करावेत, तोंडाला मास्क लावून. आणि त्यावर वॉलपेपर, प्लास्टिक पेंट, पीव्हीसीचं पॅनेल असलं काही बसवू नये. ओल आत कोंडली की ती वरच्या अंगाला सरकते आणि पोपडे मीटरभर उंचीवर निघायला लागतात.

जुन्या रंगाचा जाड थर कुठे निघत असेल तर तो कोरडा घासायचा नाही. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं आणि धोका त्याच्या धुळीचा असतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच. पृष्ठभाग ओला करून सुटे पोपडे तेवढे काढावेत, बाकीचं मालकाला कळवावं.

मंगळवार

टांगण्याचं गणित. भिंत पक्क्या, धुता येणाऱ्या रंगाची असेल तर चिकटपट्ट्या चालतात. आधी जागा स्पिरिटने पुसायची. साबण किंवा फरशीच्या क्लीनरने पुसली तर मागे राहणारा पातळ थर गोंदाला धरू देत नाही. पट्टी अर्धा मिनिट दाबून धरायची आणि पाकिटावर सांगितलेला वेळ जाऊ द्यायचा, मगच वजन. पाकिटावरचा वजनाचा आकडा गुळगुळीत पृष्ठभागावरचा असतो. जुन्या भिंतीवर मी तो निम्माच धरते. पलंगाच्या डोक्याशी चिकटवून काहीही टांगू नये. काढताना पट्टी भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढायची. स्वतःकडे ओढली तर रंग घेऊनच येते.

पीठ सुटणाऱ्या भिंतीला दोनच मार्ग. एक, परवानगी घेऊन मोजकी पण नीट भोकं. दोन, काहीच न टांगता टेकवून ठेवणं.

भोक पाडायचं असेल तर सुरुवातीला ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद. जुना गिलावा हादऱ्याने सुटतो आणि 6 मिलिमीटरच्या भोकाचा वाटीएवढा खड्डा होतो. आधी पांढरी-करडी भुकटी येते, तो गिलावा. मग लाल यायला लागली की वीट लागली. प्लगला, म्हणजे स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळीला, विटेत निदान 30 मिलिमीटर पकड हवी, म्हणून गिलावा 20 मिलिमीटर जाड असेल तर भोक 50 मिलिमीटरहून थोडं जास्त खोल, आणि स्क्रूही गिलावा ओलांडून प्लगच्या टोकापर्यंत पोचणारा. बिट एकदम आत घुसला तर दोन विटांमधल्या सांध्यात गेला असं समजावं. ते भोक बुजवून पाच सेंटिमीटर बाजूला नवं घ्यावं; त्यातच काड्या कोंबून प्लग घट्ट करण्यात अर्थ नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक नाही म्हणजे नाही, तिथूनच वायर गेलेली असते.

टेकवण्याचा मार्ग मला जास्त आवडतो. 6 मिलिमीटरचं प्लायवूड, खोलीच्या रुंदीला शोभेल असं, त्यावर स्टिकर वॉलपेपर किंवा ताणून बसवलेलं हातमागाचं कापड, आणि ते कन्सोल टेबलामागे उभं. भिंतीला एक थेंबही गोंद नाही, आणि घर बदललं की पॅनेल सोबत. त्याच्या पाठीला वर दोन आणि खाली दोन जाड रबरी चकत्या लावाव्यात. मागून हवा खेळते आणि पॅनेल घसरत नाही.

बुधवार

फॉइल काढलं. भिंतीकडच्या बाजूला ओलावा दिसला तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या बाजूला दिसला तर ती हवेतली आहे आणि खिडक्या उघड्या ठेवल्या की बरंच भागतं. पहिल्या प्रकारात त्या भिंतीला सजावट नको. कपाटसुद्धा पाच सेंटिमीटर सोडून.

उरलेला दिवस दिव्यांचा. कमी पैशात घर सगळ्यात जास्त बदलतं ते इथे, आणि लोक नेमका हाच खर्च शेवटी ठेवतात. जुन्या घरात सहसा छताच्या मधोमध एक ट्यूब असते, 6500 केल्विनची, निळसर पांढरी. त्या उजेडात सागवान राखाडी दिसतं, पितळ हिरवट आणि मातीची भांडी मेलेली. बाकी काहीही न बदलता तीच खोली 2700 केल्विनच्या पिवळसर उजेडात बघावी. स्वयंपाकघर आणि कामाचं टेबल यांना 4000 चालतो. पण एका खोलीत दोन तऱ्हेचे पांढरे दिवे एकदम लावू नयेत, नजर सारखी त्या फरकावरच जाते. खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडाही बघावा. 90 किंवा अधिक असला तर लाकूड आणि कापड यांचे रंग खरे दिसतात.

बारा चौरस मीटरच्या बैठकीला मी एका मोठ्या दिव्याऐवजी तीन धरते: एक 800 ल्युमेनचा, दोन 450 चे. जुन्या भाषेत एक साठ वॅटचा आणि दोन चाळीसचे. एलईडीत तिन्ही मिळून वीस वॅटच्या आत बसतात, त्यामुळे जुन्या वायरिंगवर ताण नाही. मात्र त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावला तर हा सगळा शहाणपणा वाया. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला यावी, जमिनीपासून साधारण 105 ते 110 सेंटिमीटर, म्हणजे बल्ब डोळ्यांत घुसत नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. भिंतीला लागून दिवा ठेवला की उजेड भिंतीवरून तिरका घासत जातो आणि जुन्या गिलाव्याची प्रत्येक लाट, प्रत्येक डागडुजी उठून दिसते. छताच्या कडेने एलईडी पट्टी लावल्यावर घर आधीपेक्षा जुनाट दिसतं ते यामुळेच. दिवा भिंतीपासून निदान 40 सेंटिमीटर पुढे घ्यावा. उलट दगडी किंवा उघड्या विटांची भिंत असेल तर मुद्दाम जवळ ठेवावा.

गुरुवार

पडदे. मोजमाप खिडकीचं घ्यायचं नाही, रॉडचं घ्यायचं. खिडकी 120 सेंटिमीटर असली तर दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा धरून रॉड 150. चुण्या चांगल्या पडायला दुप्पट कापड, म्हणजे 300. हातमागाचा पन्हा 110 असेल तर तीन पट्ट्या, एका पडद्याला दीड. रॉडपासून जमिनीपर्यंत उंची 220. त्यात वर 8 आणि खाली 12 दुमडीचे धरून 240. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. पाच टक्के धरले तर एक पट्टी 253, तीन पट्ट्यांना साधारण 7.6 मीटर. ठळक नक्षी जुळवायची असेल तर दर पट्टीमागे नक्षीचा एक पूर्ण फेरा जादा.

कापड शिवण्याआधी धुवावं. शिवून मग धुतलं तर पडदा जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर लटकतो आणि कापड आटलेलं असूनही बोलणी शिंप्याला बसतात. मागे पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर लावलं की रंग उन्हात उडत नाही आणि पडदा भारदस्त पडतो. साधं, सस्तं कापडही अस्तरामुळे महाग दिसतं.

रॉड चौकटीच्या वर 10 ते 15 सेंटिमीटर लावला तर खिडकी उंच दिसते, पण त्यासाठी भिंतीत भोक लागतं. लाकडी चौकटीत स्क्रू मारायची परवानगी मिळाली तर 3.5 मिलिमीटरच्या स्क्रूला आधी 2.5 चं भोक, आणि स्क्रूच्या आट्यांवर साबण घासून घ्यायचा. जुनं लाकूड वाळून कडक झालेलं असतं. थेट पिळला तर चौकट चिरते किंवा स्क्रूचं डोकं तुटतं. दाबाने बसणारा रॉड खिडकीच्या खोबणीत चालतो, पण मीटरभराच्या पुढे तो मधे झुकतो. जाड पडदा त्यावर टाकूच नये.

शुक्रवार

फरशी. मोझॅक किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगर, लिंबू, ॲसिड यांपैकी काहीही नको, दगडातला चुनखडीचा अंश विरघळून चमक कायमची जाते. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. व्हायनिल अंथरलं असेल तर त्यावर रबरी पाठीची चटई टाकू नये, पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. सतरंजी एवढी मोठी असावी की सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील. मधोमध रुमालाएवढी सतरंजी टाकण्यापेक्षा नसलेली बरी.

शनिवार

जुनं फर्निचर विकत घेताना आधी ते उलटं करावं. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असली तर खाली आठवडाभर काळा कागद पसरायचा. कागदावर ताजी भुकटी पडली तर पोखरणारा किडा अजून आत आहे, असं लाकूड घरात आणू नये. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी.

पॉलिश कोणतं ते ओळखायला लपलेल्या जागी कापसाने स्पिरिट लावायचं. पृष्ठभाग मिनिटाभरात चिकट झाला तर लाखेचं पॉलिश. ही आनंदाची बातमी, कारण लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. सगळं खरवडून काढायची गरज नाही. धूळ-मेण पुसून, 320 च्या पॉलिश पेपरने हलकं घासून दोन पातळ हात पुरतात. हवा दमट असेल त्या दिवशी मात्र लावू नये, पांढुरकी झाक येते.

पितळ घेताना खिशात लोहचुंबक ठेवावं. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. खरं पितळ लिंबू-मिठाने उजळतं, पण ते लावून विसरलं तर गुलाबी डाग पडतात, कारण आम्लाने वरचं जस्त निघून तांबं उघडं पडतं. मिनिटाभरात धुवून लगेच कोरडं करावं. मला स्वतःला थोडं काळवंडलेलं पितळ जास्त आवडतं. पांढऱ्या भिंतीपुढे आणि साध्या सरळ टेबलावर ते शोभतं, चकचकीत केलं की ट्रॉफीसारखं दिसतं.

नव्या-जुन्याचं जमवताना लाकडाची एकच छटा मोठी ठेवावी. दार-चौकटी गडद असतील तर मोठं कपाट त्याच छटेत किंवा सरळ पांढरं. मधलाच तांबूस लॅमिनेट दोन्हीकडून परका वाटतो. पितळ आणलं तर ते खोलीत तीन ठिकाणी दिसावं, दिव्याचा दांडा, कपाटाच्या मुठी, एखादं तबक. एकाच कोपऱ्यात दहा वस्तू मांडल्या तर ते प्रदर्शन. मुठी बदलताना दोन भोकांमधलं अंतर मोजूनच जावं. नव्या मुठी बहुतेक 96 किंवा 128 मिलिमीटरच्या असतात, जुनी मापं त्यांच्याशी जुळतीलच असं नाही. एकाच स्क्रूच्या गोल मुठीला ही कटकट नाही.

पुन्हा रविवार

उंच कपाटं शेवटी. जुन्या फरशीला मोरीकडे किंवा दाराकडे उतार असतो, त्यामुळे कपाट पुढे कलतं. पुढच्या पायांखाली तीन ते पाच मिलिमीटरच्या पाचरी घातल्या की ते भिंतीकडे झुकतं. लहान मुलं असतील तर एवढ्यावर थांबायचं नाही. वरून पट्टीने भिंतीला बांधायलाच हवं, आणि त्या एका भोकाची परवानगी मालकाकडून लेखी घ्यावी.

काढून ठेवलेल्या मूळ वस्तू, म्हणजे जुन्या मुठी, स्क्रू, ट्यूबची पट्टी, पडद्याच्या कड्या, वेगवेगळ्या पिशव्यांत. प्रत्येक पिशवीवर खोलीचं नाव, आणि सगळ्या पिशव्या माळ्यावर एकाच डब्यात. डब्याच्या झाकणाच्या आत भिंतीचा एक निघालेला पोपडा चिकटवून ठेवावा. जाताना भोकं बुजवली की रंग जुळवायला तोच दुकानात न्यायचा असतो.