इंग्रजीचं ‘बी’: एक क्रियापद, तीन धातू

‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ ही रूपं शाळेत घोकून घेतात, कारण त्यांना लावायला कुठला नियमच सापडत नाही. इंग्रजीतल्या बाकी क्रियापदांची फार तर पाच रूपं होतात (सिंग, सिंग्ज, सँग, संग, सिंगिंग). ‘बी’ची आठ, आणि त्यातली निम्मी एकमेकांच्या ओळखीचीसुद्धा वाटत नाहीत. वाटणारही नाहीत. ती मुळात एका क्रियापदाची नाहीतच. तीन वेगळ्या धातूंची रूपं शतकानुशतकं शेजारी राहून एका घरात आली, आणि हे तिन्ही धातू मराठी माणसाला चांगले माहीत आहेत: अस्, भू आणि वस्. आपले असणे, होणे आणि वसणे.

‘ॲम’ घ्या. त्यातला शेवटचा ‘म’ म्हणजे ‘अस्मि’तला ‘मि’. करोमि, ददामि यांत ‘मी’ दाखवणारा तोच प्रत्यय. इंग्रजीत आज तो फक्त या एका शब्दात उरला आहे. ‘इज’ म्हणजे ‘अस्ति’. शेवटचा ‘त’ जर्मनने ‘इस्ट’मध्ये राखला, इंग्रजीने टाकला. जुन्या इंग्रजीत अनेकवचनाला ‘सिन्दॉन’ असंही रूप होतं. ते ‘सन्ति’चं भावंड, जर्मनमध्ये अजून ‘झिंट’ म्हणून चालतं. इंग्रजीत मात्र ते मध्ययुगात मेलं. त्याच्या जागी आलेलं ‘आर’ उत्तर इंग्लंडच्या बोलीतलं. तिथे वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘एरु’ या रूपाने त्याला बळ मिळालं. दक्षिणेत तोवर अनेकवचनालाही ‘बी’ची रूपं चालत. ‘द पॉवर्स दॅट बी’ या वाक्प्रचारात तो जुना ‘बी’ अजून तसाच बसलेला आहे.

‘भू’ची गोष्ट उच्चारातच आहे. मूळ ‘भ’ संस्कृतने ठेवला. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, त्याचा ‘ब’ झाला. म्हणून भ्रातृ–ब्रदर, भृ–बेअर, आणि भू–बी. हे नियमित बदल जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडले. इकडे ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ झालं आणि त्यातून आपलं ‘होणे’ आलं. म्हणजे एका ‘भ’मधला ‘ब’ इंग्रजीकडे गेला आणि ‘ह’ मराठीकडे. लॅटिनमध्ये त्याच धातूचा ‘फ’ झाला, त्यातून ‘फ्यूचर’ आला: जे व्हायचं आहे ते.

जुन्या इंग्रजीत ‘बेओन’ आणि ‘वेसन’ अशी दोन क्रियापदं वेगळी नांदत होती. आत्ता, इथे असणं सांगायला ‘वेसन’सोबत चालणारं ‘इज’, आणि नेहमीचं किंवा पुढचं सांगायला ‘बेओन’चं ‘बिथ’. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही: ‘आज थंडी आहे’ आणि ‘डिसेंबरात थंडी असते’. आजच्या प्रमाण इंग्रजीत दोन्हीकडे ‘इज’च येतं. म्हणून भाषांतर करताना ‘आहे’ की ‘असतो’ हे संदर्भावरून ठरवावं लागतं. तिथे घाई केली की मराठी वाक्य फसतं.

सगळ्यात सुंदर भाग ‘वॉज–वेअर’चा. धातू ‘वस्’, म्हणजे राहणे, मुक्काम करणे. आपले वस्ती आणि वसतिगृह त्यातलेच. पण एकवचनात ‘स’ आणि अनेकवचनात ‘र’ का? याचं उत्तर वैदिक संस्कृतातल्या आघातांत सापडतं, म्हणजे शब्दात जोर कुठल्या अक्षरावर येतो त्यात. संस्कृतात याचं परोक्ष भूतकाळाचं एकवचन ‘उवास’, अनेकवचन ‘ऊषुः’. पहिल्यात आघात धातूवर, दुसऱ्यात शेवटच्या प्रत्ययावर. जर्मानिक भाषांतही एके काळी आघाताची हीच जागा होती. आघात ‘स’च्या आधीच्या स्वरावर असला की ‘स’ टिकला. पुढे सरकला की ‘स’चा आधी ‘झ’ आणि मग ‘र’ झाला. कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1870 च्या दशकात हे उलगडलं, तेही वैदिक आघात शेजारी ठेवून. ‘लॉस्ट’ आणि ‘फरलॉर्न’ यांतला ‘स’–‘र’ याच नियमाने आला. अस्ति–सन्ति यांतही आघाताचाच खेळ आहे: ‘सन्ति’त तो प्रत्ययावर गेला आणि धातूचा स्वर गळाला.

हे वाचून ‘म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच निघाली’ असं कोणी म्हणालं, तर याच क्रियापदाने ते खोडता येतं. लॅटिन ‘एस्त’ आणि ग्रीक ‘एस्ति’ यांत ‘ए’ आहे. या सगळ्यांच्या सामाईक मूळ भाषेतले ए, ओ, अ हे तीन ऱ्हस्व स्वर संस्कृतात एका ‘अ’मध्ये मिसळले. ‘अस्ति’तून ‘एस्ति’ निघालं म्हणावं, तर कुठल्या ‘अ’चा ‘ए’ करायचा आणि कुठल्या ‘अ’चा ‘ओ’, हे ग्रीक आणि लॅटिनला स्वतंत्रपणे कळलं कसं? तेव्हा ‘अस्ति’ ही ‘इज’ची आई नव्हे, बहीण. संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनबद्दल हेच म्हटलं होतं: तिन्ही एकाच उगमातल्या, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही.

आणि इंग्रजीच्या या ठिगळांचं नवल करताना आपलं क्रियापदही एकदा उलटून पाहावं. वर्तमानात ‘आहे’, भविष्यात ‘असेल’, पण भूतकाळात ‘होता’, आणि हा ‘होता’ सरळ ‘भू’च्या घरातला. इंग्रजीने भूतकाळासाठी ‘वस्’ उचलला, आपण ‘भू’. मग खुद्द ‘होणे’चा भूतकाळ? तिथे ‘होला’ नाही, ‘झाला’ येतं. जुन्या मराठीत ते ‘जाला’ होतं, संस्कृत ‘जात’वरून आलेलं, म्हणजे जन्मलेला. धातू ‘जन्’.