एकच शिखर दिसलं तर आनंदू नका

ब्रिटनमध्ये मेंदूच्या आनुवंशिक आजारांवरच्या प्रयोगशाळेत रिसर्च असिस्टंटला काम काय असतं, हा प्रश्न नागपूरच्या एमएस्सीवाल्या पोरापोरींकडून नेहमी येतो. राजेहो, बराचसा दिवस मोजण्यात जातो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला शास्त्रज्ञ फोटोत बरा दिसतो, इतकंच.

उदाहरणाला हंटिंग्टनचा आजार घेऊ. चौथ्या गुणसूत्रावरचा एचटीटी हा जनुक १९९३ साली सापडला. त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा, पाठोपाठ येतात. २६ वेळांपर्यंत काळजी नाही. २७ ते ३५ असतील तर त्या माणसाला सहसा काही होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. ३६ ते ३९ म्हणजे आजार होईलही, होणारही नाही. ४० किंवा जास्त असतील आणि आयुष्य पुरेसं लाभलं, तर तो होतोच. मोजणीत दोनाची चूक झाली, तर ३९ चे ४१ होतात.

रक्त जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या नळीत हवं. हिरव्या टोपणाच्या नळीत हेपरिन असतं आणि ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची रीत, बंद पाडतं. डीएनए काढल्यावर त्याची शुद्धता सांगणारं २६०/२८० चं गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरचा प्रकाश तो किती शोषतो त्याचं) १.८ च्या आसपास यावं. नळीवर साध्या मार्करनं लिहू नका. इथेनॉलचा एक थेंब पडला की नाव गेलं. गोठवणीला टिकणारं छापील लेबलच लावायचं.

२४ नमुने, आकडा माहीत असलेले दोन कंट्रोल आणि पाण्याची एक नळी, असे २७ झाले की पीसीआरचं मिश्रण ३० नळ्यांचं करायचं. पिपेटच्या टोकाला थोडं थोडं चिकटून राहतंच. प्रती काढणारं एन्झाइम ग्लिसरॉलमुळे पाकासारखं घट्ट असतं. टोक खोल बुडवलं तर बाहेरून लागलेलंही सोबत येतं आणि माप चुकतं. म्हणून टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवायचं आणि सावकाश ओढायचं. हा भाग जी आणि सी या अक्षरांनी गच्च भरलेला, त्यामुळे डीएनएचे धागे सहज सुटत नाहीत. ते सुटावेत म्हणून मिश्रणात बहुधा ५ टक्के डीएमएसओ हे द्रव घालतात. पाण्याच्या नळीत काही उगवलं, तर कुठून तरी डीएनए मिसळला; त्या दिवसाचं सगळं फेकायचं. हळहळ वाटते, पण फेकायचंच.

मग पीसीआर झालेलं १ मायक्रोलिटर मिश्रण, डीएनएचे धागे सुटे ठेवणारं ९ मायक्रोलिटर फॉर्मामाइड आणि चिमूटभर मोजपट्टीचा, म्हणजे लांबी आधीच माहीत असलेला, डीएनए एकत्र करून ९५ अंशांवर तीन मिनिटं तापवायचं, की तडक बर्फावर. फॉर्मामाइडची एकच बाटली महिनाभर गोठवत-वितळवत राहिलं तर ते हळूहळू आम्लात बदलतं आणि सिग्नल मरतो. आल्या आल्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवणं शहाणपणाचं. ते विषारी आहे, गर्भवतींना तर विशेष, हातमोजे हवेतच.

खरी गोम पडद्यावर आहे. मशीन डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करतं आणि प्रत्येक लांबीचं एक शिखर दाखवतं. प्रत्येक माणसाकडे जनुकाच्या दोन प्रती, म्हणून साधारण दोन शिखरं दिसतात. त्यांच्या डावीकडे तीन-तीन अक्षरांच्या अंतरानं उतरत्या पायऱ्या असतात. नकल करताना एन्झाइम घसरतं म्हणून. नवखा माणूस त्या पायऱ्यांना घाबरतो आणि एकच स्वच्छ शिखर दिसलं की खूश होतो. व्हायला हवं उलटं. दोन्ही प्रती खरंच सारख्या असू शकतात. पण लहान प्रत पीसीआरला सोपी, ६०-७० ची लांब प्रत अवघड, त्यामुळे लांब प्रत उमटलीच नाही असंही होतं. कधी प्रायमर, म्हणजे जिथून नक्कल सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा, बसण्याच्या जागीच बदल असतो. दोन्ही वेळी कागदावर निरोगी दिसणारा माणूस निरोगी असेलच असं नाही. अशा नमुन्यावर ट्रिपलेट प्राइम्ड पीसीआर लावतात. त्यात प्रायमर पुनरावृत्तीच्या आतच जागोजागी बसतो आणि लांब प्रत असेल तर उतरत्या शिखरांची लांब शेपटी उमटते.

अजून एक खोच. सीएजीच्या रांगेच्या शेवटाजवळ बहुतेकांत एक सीएए असतो. लांबीवरून आकडा काढताना तो आहे असं धरलेलं असतं. काही जणांत तो नसतो. मग सलग सीएजी प्रत्यक्षात दोननं जास्त भरतात आणि आजार अपेक्षेपेक्षा लवकर सुरू होतो. हे लांबीवरून कळत नाही, अक्षरं वाचावी लागतात.

नागपुरात बसून सराव करायचा असेल तर द्रावण पातळ करण्याचा करा. १०० मायक्रोमोलरचा प्रायमर १० चा करायला १० मायक्रोलिटर प्रायमर, ९० पाणी. हे झोपेतही जमलं पाहिजे. वहीत पांढरी शाई चालत नाही; चुकलं तर एक रेघ मारायची, सही आणि तारीख टाकायची.

आणि घरून येणारा फोन: 'मशीन आहेच तुझ्यापाशी, तर मावशीच्या पोराचं रक्त टाकून दे न बापा.' नाही टाकता येत. संमतीशिवाय कुणाचा डीएनए तपासायच्या हेतूनं त्याचा नमुना जवळ बाळगणं ब्रिटनच्या २००४ च्या ह्यूमन टिश्यू कायद्याखाली गुन्हा आहे. पोराची संमती असली तरी संशोधनाचा आकडा म्हणजे दवाखान्याचा रिपोर्ट नव्हे. नळीवर कोड असतो, नाव नसतं. लक्षणं नसलेल्या माणसाची चाचणी आधी समुपदेशन करूनच होते, आणि घरात आजार असलेले कित्येक जण विचार करून 'नको, कळायला नको' म्हणतात. पोराला नागपुरातच मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या, जनुकीय समुपदेशकाची चिठ्ठी मागा. नळी पार्सलनं पाठवू नका.