आंटींच्या बाटलीवर माझं नाव

"ही तुझी," म्हणत आंटींच्या सुनेने बाटली पुढे केली. जुनी बिअरची बाटली, गळ्यापर्यंत ठासलेला मसाला, वर घट्ट बूच. चिकटपट्टीवर आंटींच्या वाकड्या अक्षरात माझं नाव. मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळवून केलेला बाटली मसाला. पावसाळ्यात आंटी गेल्या.

आज २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. मासुंदा तलावाजवळच्या चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) होती, म्हणून मीही आंटींच्या घरच्यांसोबत गेले होते.

नवरा लवकर गेला, मुलं लहान. आंटींनी फुगिये (तळलेले गोल पाव) आणि केक विकून सगळ्यांना शिकवलं. जपमाळ तुटली तेव्हा मणी शिवणाच्या निळ्या दोऱ्यात ओवले आणि तीच वापरली. "देव काय दोरा बघतो होय?" म्हणायच्या. आणि रोझरी संपली रे संपली की मच्छीवालीशी दहा रुपयांवरून हुज्जत!

आंटींचा थोरला मुलगा म्हणाला, "मम्मीने मसाल्याचं प्रमाण कुणालाच सांगितलं नाही."

सून भांडी आवरता आवरता म्हणाली, "सांगायच्या की. ऐकायला कोण बसलं?"

थोरला मोबाइल बघत राहिला. मला मात्र ते दिवसभर टोचतंय.

ठाण्यातल्या ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे-वसईकडचे मूळ मराठी कॅथलिक) घरांत बाटली मसाला अजून कोण घरी करतं? सुनेला शिकायचंय.