पिवळ्या तोंडाची नळी

सुनेचा फोन सकाळी आठला आला. "सिस्टर, नळी परत बाजूनं गळायलीय बघा. रात्रीत तीनदा चादर बदललो मी." शिवाजी पेठेतलं घर. आबा 74 वर्षांचे, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झालेले. त्या घरी माझी ही तिसरी फेरी.

कॅथेटरच्या, म्हणजे लघवीसाठी आत घातलेल्या नळीच्या, कडेने लघवी यायला लागली की आम्ही त्याला बायपासिंग म्हणतो. त्यावरचा सगळ्यांचा लाडका आणि हमखास चुकीचा इलाज म्हणजे जाड नळी. बाटली गळते, मोठं बूच ठोका. फोली म्हणजे आत फुगा फुगवून टिकवलेला कॅथेटर. त्याच्या फुग्यात पाणी भरायचं जे तोंड असतं, त्याच्या रंगावरून साइझ कळते: हिरवं 14, केशरी 16, लाल 18, पिवळं 20. मी घातलेली केशरी होती. चादर बाजूला केली तर पिवळं तोंड! मधल्या चार दिवसांत कुणी 'ओळखीतला' येऊन बदलून गेला होता. वर फुगा 30 मिलीचा.

नळीचे हे नंबर फ्रेंच मापाचे, त्याला तीनने भागलं की जाडीचे मिलिमीटर येतात. म्हणजे 20 नंबर पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. मूत्रमार्ग हा पीव्हीसी पाइप नव्हे. नळी बारीक पडली म्हणून क्वचितच गळतं. आतून मूत्राशय कळ काढून आवळतं आणि त्या जोरात लघवी कडेने बाहेर येते. जाड नळीने आणि मोठ्या फुग्याने ते आणखी चिडतं. शिवाय नळीची भोकं फुग्याच्या वर असतात. फुगा जितका मोठा, तितकी भोकं उंच आणि खाली साचून राहणारी लघवी जास्त.

गळतीचा शोध पिशवीकडून वर घ्यायचा असतो. युरोबॅग, म्हणजे लघवी साचायची पिशवी, कॉटच्या वरच्या दांड्याला, आबांच्या छातीच्या उंचीवर लटकवलेली. का, तर भरली की दिसावी म्हणून! मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता, हे मी पहिल्या दिवशी हाताने लावून दाखवलं होतं. पिशवीची नळी मांडीखाली दाबलेली. ती सोडवल्यावर 200 मिली उतरली. आतल्या नळीला बोटांत चोळून बघितलं, वाळूसारखं काही कचकचलं नाही, म्हणजे क्षार साचून तुंबलेली नव्हती. लघवी पिवळी, स्वच्छ. तरी दहा मिनिटांनी पुन्हा कडेने ओलं.

मग पोटाला हात लावला. ओटीपोट मऊ, पण डाव्या बाजूला गोट्या गोट्या लागत होत्या.

"आबा, परसाकडला कधी झालं?"

"आठ दिस झालं आसतील की."

"खातात कुठं काय," सून मध्येच म्हणाली.

पोट गच्च व्हायला एवढं पुरे होतं: दुखण्याची ट्रामाडॉल चालू, पडून राहणं, आणि नळीत लघवी जास्त येऊ नये म्हणून पाणी कमी देणं. हे शेवटचं मी इतक्या घरांत ऐकलंय की आता आश्चर्यही वाटत नाही. गच्च भरलेलं गुदाशय पुढे मूत्राशयावर दाबतं. नळीही दबते, कळाही येतात. डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सांगण्यावरून एनिमा दिला, थोडं बोटाने काढावं लागलं. दुपारपर्यंत चादर कोरडी. गळतीचं कारण मलमार्गात बसलेलं होतं आणि आम्ही सगळे नळीशी भांडत होतो.

आबा हात-तोंड धुऊन घेत होते, तेवढ्यात मी रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड पुन्हा वाचलं. 'फोलीज इन सिटू, केअर एक्सप्लेन्ड.' म्हणजे नळी आत आहे, काळजी कशी घ्यायची ते सांगितलंय. बस. का घातली, कधी काढायची, एक अक्षर नाही. ऑपरेशनसाठी घातलेली नळी काही खास कारण नसेल तर जमल्यास 24 तासांत काढायची असते. आबांना ना प्रोस्टेटची तक्रार, ना लघवी कधी अडलेली. पलंगावरून उठवायला लागू नये, एवढ्यावर ती पाच आठवडे राहिली. नळी आत असताना लघवीत जंतू शिरण्याची शक्यता रोज 3 ते 7 टक्के धरतात. महिन्याभरात जवळपास सगळ्यांच्याच लघवीत ते सापडतात.

कार्ड लिहिणाऱ्याला नावं ठेवताना माझी वही उघडीच होती. फेरी पहिली: 'कॅथेटर पेटंट, युरिन क्लिअर,' म्हणजे नळी मोकळी, लघवी स्वच्छ. फेरी दुसरी: 'कॅथेटर बदलला.' चार आठवडे झाले म्हणून मीच नवी 16 नंबर घातली होती. जेली सोडून पूर्ण तीन मिनिटं थांबले, नळी दुफाट्यापर्यंत आत, लघवी दिसल्यावरच फुग्यात 10 मिली डिस्टिल्ड वॉटर. सलाइन नाही, त्याचे खडे त्या बारीक वाटेत बसले तर फुगा उतरत नाही. कातडी पुढे ओढून घेतली, नळी मांडीला पट्टीने सैल बांधली. त्या कामात बोट ठेवायला कुणाला जागा नव्हती. नळी घालायलाच नको होती, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, उद्या काढून बघा. सकाळीच काढायची, म्हणजे अडली तर दिवसाउजेडी कळतं. 7:40 ला सिरिंज लावली. दांडा खेचायचा नाही, पाणी आपसूक येऊ द्यायचं, नाहीतर आतली वाट चिकटते. 10, 10, आणि मग 8 मिली. नळी संथ बाहेर. पाणी नेहमीसारखं प्यायचं, लवकर लागावी म्हणून तांब्यावर तांब्या नाही. सहा तासांत झाली नाही किंवा पोट दुखलं तर परत घालावी लागेल, हे आधीच सांगून ठेवलं.

10:15 ला आबा वॉकर धरून उभे राहिले, मी मापाचा मग धरला. 120 मिली, जरा चुरचुरत. साडेबाराला 210. संध्याकाळी सोनोग्राफीत लघवीनंतर मागे उरलेली 60.

एक गोष्ट अजून सुटत नाही. पोट साफ केलं आणि दुसऱ्याच दिवशी नळी काढली. मागच्याच फेरीत, पोट तसंच गच्च असताना काढली असती तर कदाचित लघवी अडलीही असती, आणि 'नळी लागतेच' असा शिक्का आबांवर कायमचा बसला असता. त्या फेरीत मी पोटाला हात लावला नव्हता.

आठवड्याने हिशेबाला गेले तर सून दारातच भेटली. "सिस्टर, आता रात्री तीनदा उठवायला लागतंय त्यांना. सकाळी सहाला डबा करून मी कामाला जातो. नळी बरी होती म्हणायची." मी तिला युरिन पॉट कॉटच्या डाव्या अंगाला, आबांचा हात पोचेल असा टांगून दाखवला. तिने बघितलं, मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.