लोणंदच्या पावसाचे वर्ष

आमच्या आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती आणि मुलांच्या जन्माची सालेही तिला सांगता येत नसत. तिच्या आयुष्याचा सगळा हिशेब ज्ञानोबा माउलींच्या पालखीच्या मुक्कामांवर चालत असे. लोणंदला रात्रभर पाऊस लागून दिंडीचे पाल भिजून बसले, त्या वर्षी माझ्या वडिलांचे लग्न झाले. वाल्ह्याच्या मुक्कामी तिला ताप भरला, त्या वर्षी धाकट्या आत्याचा जन्म. आकड्यांपैकी तिला पाठ होता तो फक्त 1972, कारण त्या दुष्काळात तिने रोजगार हमीसारख्या कामांवर खडी फोडून चार लेकरे जगवली होती.

गेल्या कार्तिकात आजी गेली. यंदा तिच्याच दिंडीत भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरून मी आळंदीहून निघाले, तेव्हा बायकांच्या ओळीत तिची जागा मोकळी ठेवलेली होती. कोणी काही बोलले नाही; एका म्हाताऱ्या माउलीने माझा हात धरून मला तिथे उभे केले आणि टाळ वाजू लागले.

दिवे घाट चढून सासवडला पोहोचेपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. त्याच माउलीने माझा पाय मांडीवर घेतला आणि पिशवीतून सुई काढली. तिने खोबरेल तेलात भिजवलेला दोरा फोडातून आरपार ओवला, दोन्ही टोके बाहेर ठेवून कापला, म्हणजे पाणी दोऱ्यावाटे झिरपते आणि वरची कातडी शाबूत राहते. ‘‘दोरा ओढायचा न्हाई. आपला आपण पडतोय. आक्कानंच शिकवलंय मला,’’ ती म्हणाली. आजीला दिंडीत आक्का म्हणतात हे मला त्या रात्री कळले. घरी ती आमचीच आजी होती. इथे तिने किती जणींचे पाय मांडीवर घेतले असतील, याची आम्ही कधी चौकशीसुद्धा केली नव्हती, आणि त्याची खंत मला नीरेपर्यंत सोडत नव्हती.

नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते आणि सोहळा सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजीच्या मुलखात, प्रवेश करतो. पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण झाले. मला मात्र ओढ लागलेली असे ती संध्याकाळच्या समाजआरतीची. तळावर सगळ्या दिंड्यांचे टाळ-मृदंग एकाच वेळी गर्जत असतात, चोपदार चोप उंचावतात आणि एवढा प्रचंड समुदाय क्षणात शांत होतो. त्या शांततेत हरवले-सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जातात. तिथे उभी असताना मला रोज वाटे, की या मुक्कामाशी जोडलेले आजीचे एखादे वर्ष माझ्या हाती लागायचे राहून गेले आहे.

2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही आणि माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. आजी त्या दिवशी दूरचित्रवाणीसमोर हात जोडून बसून होती, गाडी दिसेनाशी झाली तरी तिने हात सोडले नाहीत. त्याच वर्षी मला मुलगी झाली. तिचे वर्ष कोणत्या मुक्कामावर बांधायचे, हा प्रश्न आजीला बरेच दिवस पडला असावा. पुढच्या वर्षीही पायी वारी झाली नाही आणि वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा तिचे गुडघे साथ देईनासे झाले होते.

वाखरीच्या तळावर रात्री भाकरी खाताना ओळीतल्या बायकांनी माझ्या लेकीचे वय विचारले. मी म्हणाले, ‘‘माउली एस.टी.नं गेल्या, त्या वर्षाची.’’ त्यावर कोणीही साल विचारले नाही.